बाजार ते घर, विनाथांबा

निवृत्त झाल्यावर माझा स्वभाव सुधारला, असं आमच्या मोहल्ल्याचं एकमतानं ठरलं होतं.

नोकरीत असताना मी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायचो. त्या खिडकीत बसून ज्याचा स्वभाव गोड राहिला, असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. डोक्यावर फलक, फलकावर गाड्यांच्या वेळा, आणि त्या फलकाखाली उभा राहून माणूस विचारणार, "नांदगाव खंडेश्वरची गाडी किती वाजता हो?" मी म्हणायचो, "फलक तुमच्यासाठीच लावला भाऊ, मले तर पाठ आहे." गाडी समोर उभी असायची, कपाळावर पाटी लावून, तरी विचारायचे, "मोझरीची हेच का?" मी म्हणायचो, "नाही, हे तिची बहीण." सगळी नोकरी अशी गेली. अमरावतीत मला ओळखणारे पुष्कळ झाले. आवडून घेणारी एकटी बायको, आणि तिलाही मी कधी खोदून विचारलं नाही.

तर असा हा मी, निवृत्तीनंतर काही वर्षांनी, संध्याकाळी बायकोसोबत बाजारातून भाजी घेऊन परत येताना जागोजागी थांबायला लागलो. पानठेल्यावर थांबायचो, पान खात नसताना. पंक्चरवाल्याजवळ थांबून धंदा कसा काय चालला म्हणून विचारायचो, घरात सायकल नसताना. पुढे नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसायचो. आणि घर अगदी जवळ आलं, की एका रिटायर्ड प्राध्यापकाच्या फाटकाशी उभा राहून त्यांची जास्वंद पाहायचो. प्राध्यापक इतके खूश व्हायचे, की लुंगीवरच बाहेर येऊन मला कलम कसं करतात ते सांगायचे. माझं झाडांचं ज्ञान बेशरमच्या झुडपापलीकडे नाही. पण मान डोलवायचो, कारण मान डोलवायला दम लागत नाही.

पुण्यात कुणी असा चार पावलांवर थांबत चालला असता, तर लोकांनी खिडकीतून पाहून घेतलं असतं, की हा कोण आणि याचं इथे काय काम. आमच्या वऱ्हाडात थांबणं म्हणजे माणुसकी. न थांबता पुढे जाणाऱ्याला आम्ही 'लई मोठा झाला' म्हणतो. त्यामुळे माझ्या थांबण्याचा कुणाला संशय आला नाही, उलट कौतुकच झालं. "काका पहिले कसे खेकसायचे, आता पाहा, पंक्चरवाल्याशी पण बोलतात." मी ते कौतुक घेतलं. आयतं मिळालेलं कोण सोडतो?

खरं कारण असं होतं, की चालायला लागलं की थोड्याच वेळात छातीवर कुणीतरी उखळ ठेवल्यासारखं वाटायचं. थांबलं की ते उखळ उचललं जायचं. पुन्हा चाललं, की पुन्हा कुणी आणून ठेवायचं. मी त्याला गॅस म्हणायचो. आमच्याकडे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जे काही दुखतं, ते गॅस. सकाळी तर्रीपोहे, दुपारी ठेचा, संध्याकाळी पुन्हा तोंडाला चव नाही म्हणून मिरचीचा भुरका, असं खाणाऱ्या माणसाला दुसरं काय होणार, असा आमचा सगळ्यांचा अभ्यास.

बायको माझ्यामागे दोन पावलं चालायची. आमच्या पिढीतल्या बायकांना ती सवयच आहे, सांगूनही बरोबरीनं चालत नाहीत. पण एक मानायला पाहिजे, माझ्या थांबण्याबद्दल तिनं कधी कटकट केली नाही. मी थांबलो की ती पिशवी खाली ठेवायची, विजेच्या खांबाला नाही तर भिंतीला हात लावून गप उभी राहायची, आणि मी निघालो की पिशवी उचलायची. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मेथी सुकून राहिली, चाला ना आता. मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, "काकू लई समजदार." मलाही तसंच वाटायचं. इतकी वर्षं माझ्यासोबत काढली, समजदारी आल्याशिवाय कशी राहील?

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस रस्त्यावर अतिक्रमणवाले आले आणि पानठेला व पंक्चरवाला दोघांनाही उचलून घेऊन गेले. रस्ता कसा मोकळा, स्वच्छ, देखणा झाला. आणि माझी पंचाईत झाली. बाजारापासून थेट पुलापर्यंत थांबायला एक कारण उरलं नाही. मोकळ्या रस्त्यावर उगाच उभं राहायचं म्हणजे लोकांना वाटणार, काकाला काही झालं. आणि लोकांना तसं वाटू द्यायचं नाही, यासाठी तर मी इतकी जास्वंद पाहिली होती.

त्या संध्याकाळी मी इज्जतीसाठी चाललो. पुलापर्यंत पोचायचंच, असं ठरवून चाललो. उखळ आलं, त्यात मुसळही आलं, डावा हात जड झाला, कपाळावरून घाम गळायला लागला. पूल समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. शेवटी मी रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगावर बसलो. वळून पाहिलं तर बायको माझ्या आधीच खाली बसलेली होती, पिशवी मांडीवर घेऊन, तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, माझ्याकडे पाहून घाबरली. एका रिक्षावाल्यानं आम्हा दोघांना उचलून दवाखान्यात नेलं, म्हणजे मला दाखवायला आणि तिला सोबत म्हणून.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मनगटातून नळी घालून हृदयाचा फोटो काढला आणि सांगितलं, उजवीकडची मोठी नस बंद आहे. किती, तर शंभर टक्के. शाळेत मला असे गुण कधी मिळाले नव्हते. मी विचारलं, "आज बंद पडली?" ते म्हणाले, "आजची नाही काका. वर्षं झाली असतील. आत दगडासारखं घट्ट झालंय." मी म्हटलं, "मंग मी जिवंत काहून आहो?" तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की डावीकडच्या नसांनी बारीक बारीक फाटे काढले आणि त्या फाट्यांतून उजवीकडे थोडं थोडं रक्त पोचवलं. बसल्या जागी ते पुरतं, चाललं की कमी पडतं. म्हणजे माझ्या नसांना माझ्यापेक्षा जास्त शेजारधर्म होता. चौकशी खिडकीत न बसल्याचा तो फायदा.

त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडला नाही असं नाही, पुलाचा थांबा तेवढा कमी झाला. बाकी उखळ ठरलेल्या जागी भेटतच राहिलं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला एकटं येत नाहीत, अख्खं घर येतं. आणि ज्याला भेटायला आले, त्याच्या उशाशी बसून त्याच आजारानं दुसरा कोण कसा गेला, हे सविस्तर सांगतात. सफरचंदाच्या पिशवीसोबत प्रत्येकानं एकेक औषध आणलं. कुणी अर्जुनाची साल उकळायला सांगितली, कुणी दुधीचा रस, कुणी लसूण आणि मध. रिद्धपूरकडच्या एका दूरच्या नातेवाइकानं काळी पुडी आणली, तिच्यानं नस 'फडाफडा उघडते' म्हणे. मी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणाची उघडली? तो म्हणाला, "माह्या मावसभावाची." कुठे असतो तो? "गेला बिचारा, मागच्या साली." मी पुडी ठेवून घेतली, मोरीत टाकायला.

या सगळ्यांचा चहा बायको करायची. एक टोळी उठली की दुसरी येऊन बसायची. मधेच स्वयंपाकघरात पाहावं तर ती ओट्याला दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभी. मी विचारायचो, "काय करून राहिली वं?" ती म्हणायची, "चहा उकळू राहिला, पाहून राहिली." उकळणारा चहा इतक्या मन लावून पाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मुलगा पुण्यात असतो आणि फोनवर काळजी करतो. "बाबा, तुम्ही आधी सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस, चौकशी खिडकी उघडीच होती." त्यानं मग मोबाइलवर वाचायला इतकं काही पाठवलं, की ते वाचूनच माणसाला झटका यावा. त्यात एवढं मात्र कळलं, की बायपास न करता, अशी जुनी, पूर्ण बंद नससुद्धा तार घालून उघडतात. पण ते काम सगळेच करत नाहीत.

ते काम करणारी अकोल्यात आहे, ही बातमी माझ्या साळ्यानं दिली. तो अकोल्याचा. अकोल्याच्या माणसाला अभिमान वाटायला उन्हाळ्याचं तापमानही पुरतं, इथे तर डॉक्टर होती. "भाऊजी, आमच्या इकडे एक बाई हाये. अशा नसा तेच उघडते. बाई हाये, पन हात चांगला हाये म्हन्तेत." मी म्हटलं, "नस उघडायची आहे बापा, नारळ नाही फोडायचा. बाई चालते." तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. मी म्हणत होतो बसनं जाऊ, कित्येक वर्षं मीच लोकांना त्या गाडीत बसवलं. पण साळा ऐकेना. बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही अकोल्याला पोचलो. वाटेत तो चहासाठी दोनदा थांबला. मला फार बरं वाटलं, माझ्याखेरीज कुणीतरी थांबत होतं.

डॉक्टरीण माझ्या मुलाच्या वयाची. बोलणं आमच्यासारखंच, सरळ तोंडावर. फोटो पाहिले, हृदयाची आणखी एक तपासणी केली आणि म्हणाली, "त्या भागातलं मांस जिवंत आहे काका, नुसतं उपाशी आहे. नस उघडली तर फायदा होईल. पण आधीच सांगते, आयुष्य वाढेल असं मी म्हणत नाही. चालणं वाढेल. आणि एका खेपेत जमेलच असंही नाही." असं बोलणारा माणूस मला आवडतो. मग तिनं विचारलं, "तुम्हाला नेमकं काय करायचंय?"

आजवर मला कुणी हे विचारलं नव्हतं. आमच्या वेळेस काही गाड्यांच्या काचेवर एक पाटी असायची, ती आठवली. मी म्हटलं, "बाजार ते घर, विनाथांबा यायचं आहे. हिच्यासंगं."

साळा हसला. बायको नाही हसली.

डॉक्टरीण पुढे विचारत होती, नेमकं कसं दुखतं, कुठे दुखतं. मी तोंड उघडायच्या आत बायकोच सांगायला लागली. "दुखत नाई डॉक्टर, आवळते. हितून, पाठीत, दोन खांद्याच्या मधात. मंग जबड्यात येते. जीव घाबरल्यावानी होते, अन मळमळते." इतकं बोलणं तिच्या तोंडून मी एका वेळी कधी ऐकलं नव्हतं. पण ते सगळं चूक. मी म्हटलं, "मले पाठीत काही होत नाही. मले छातीत होते." ती म्हणाली, "मंग तसंच असन काईतरी." डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवला. "काकू, हे कोणाच्या पाठीत होतं?" बायको म्हणाली, "ह्यायच्याच." "तुमची तपासणी केव्हा झाली होती?" "मले काय धाड भरली? तुमी पहिले ह्यायचं पाहा." डॉक्टरीण म्हणाली, "यांचं झालं की तुमचं पाहू." आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिले काही होत नसते डॉक्टर. तिच्यापाई दुसऱ्याले होते." साळा पुन्हा हसला. या वेळेस बायकोही हसली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मला आत घेतलं. टेबल असं अरुंद, की माझ्या दोन्ही बाजू बाहेर आल्या होत्या. थंडी अशी, की अकोल्यात आहो यावर विश्वास बसेना. डॉक्टरीण आणि तिची माणसं शिशाचे जाड अंगरखे घालून उभी, आणि ज्याच्यावर एक्स-रेचे किरण सोडायचे, त्याच्या अंगावर एक हिरवी चादर. एक नळी मनगटातून, दुसरी जांघेतून. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, बाकी मी जागा. आणि मला सांगण्यात आलं, "काका, हलायचं नाही आणि बोलायचं नाही." जन्मभर चौकशी खिडकीत बसलेल्या माणसाला त्यांनी टेबलावर आडवं पाडून गप्प बसवलं. बायकोला हे लग्नानंतर कधी जमलं नव्हतं.

बाजूला पडद्यावर माझ्या नसा दिसत होत्या, शेतात उभ्या, वाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीसारख्या. डावीकडच्या फांद्या पूर्ण, उजवीकडची अर्ध्यातच तुटलेली. डॉक्टरीण त्या तुटल्या ठिकाणी केसासारखी बारीक तार घालायची, तार टोकाशी जायची आणि वाकून परत यायची. मग दुसरी तार. मग जरा टोकदार. "नाही जात," ती म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "नाही जात." मी छताकडे पाहत होतो. माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं, पण परवानगी नव्हती.

मग ती तिच्या माणसाला म्हणाली, "मागून जाऊ." म्हणजे डावीकडच्या नसेतून शिरायचं, तिनं काढलेल्या त्या बारीक फाट्यातून वाट काढत उजवीकडे उतरायचं, आणि बंद दाराला आतून धक्का द्यायचा. तार त्या फाट्यात शिरली आणि माझं उखळ आलं. ओळखीचंच, पण या वेळेस थांबायला पुढे पूल नव्हता, जास्वंद नव्हती. मी आधीच थांबलेला होतो.

तेव्हा मी घाबरलो. साफ घाबरलो. लोक म्हणतात, अशा वेळी देव आठवतो. मला बाजाराचा रस्ता आठवला. मी मेलो तर ती एकटी भाजी घेऊन येईल, आणि आमच्या गावची माणसं तिला जागोजागी थांबवून 'काका गेले हो' म्हणतील, ती पिशवी खाली ठेवून प्रत्येकाला तेच तेच सांगत राहील. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. हलायचं नव्हतं, म्हणून पुसलं नाही. मला जगायचं होतं, आणि तिच्यासाठी जगायचं होतं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. तेही बोलायची मनाई असताना.

"दुखतंय का काका?" डॉक्टरिणीनं विचारलं. मी पापण्या मिटून हो म्हटलं. "होतच आलं." मी हजारो लोकांना 'येतेच आहे गाडी' म्हणून सांगितलेलं होतं, त्यामुळे अशा शब्दांवर माझा विश्वास बसत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. तार पार झाली. मग त्या वाटेवर फुगा फुगवला, मग जाळीच्या नळ्या बसवल्या. नसेत औषध सोडलं आणि पडद्यावर ती तुटकी फांदी एकदम शेवटच्या टोकापर्यंत काळी भरून गेली. सगळे हसले. डॉक्टरीण म्हणाली, "काका, आता बोला." आणि मला एक शब्द सुचला नाही.

बाहेर जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मला खाटेवर टाकलं, जांघेवर वजन ठेवलं, पाय वाकवायचा नाही म्हणून दम दिला. बायको आली, पायाशी बसली, माझ्या तळव्यावर हात ठेवून रडली. मी म्हटलं, "वाचलो म्हणून रडून राहिली का?" ती रडता रडता हसली. म्हणाली, "आता तर मले धावाच लागन तुमच्या मांगं."

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीण तिला म्हणाली, "काकू, तुमचं राहिलं." ती म्हणाली, "पुढच्या खेपेस दाखवतो ना. घरी दूध उघडं पडलं असन." दूध कुठून उघडं पडणार, इतके दिवस घरी कुणी नव्हतं. पण मला घरी जायची घाई होती. साळ्यानं गाडी काढलीच होती.

घरी थोडे दिवस पथ्य पाळलं, भेटायला येणाऱ्यांची दुसरी फेरी सोसली, आणि मग मी चालायला सुरुवात केली. काय सांगू. उखळ नाही. वळणापर्यंत गेलो, नाही. पुलापर्यंत गेलो, नाही. पानठेलेवाला आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागला होता. त्यानं हाक मारली, "काका, बसा ना." मी चालता चालताच हात हलवला. प्राध्यापक फाटकाशी उभे होते, मी नमस्कार केला आणि पुढे. चार दिवसांत मोहल्ल्यात बोलबाला झाला, की नस काय उघडली, काकाची मिजास वाढली. माझा स्वभाव पुन्हा बिघडला, असं एकमतानं ठरलं. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

बायको मात्र यायची नाही. एक दिवस गुडघा, एक दिवस पाहुणे, एक दिवस दळण. "तुमी जा, तुमचं चालनं लई जोराचं झालं." मला वाटलं, इतकी वर्षं हळू चालवलं, आता रुसली. शेवटी एका संध्याकाळी मी म्हटलं, "डॉक्टरिणीले सांगतलं होतं ना, तुह्यासंगं येईन म्हणून. चाल." ती चपला घालून निघाली.

येताना पिशवी तिच्याच हातात होती, माझ्या हाताला अजून जपायला सांगितलं होतं. मी बोलत होतो, भाव काय वाढले, संत्र्याचा बहार कसा गळाला, असं काहीबाही. पूल आला आणि गेला. मी वेग कमी केला नाही. घराच्या फाटकाला हात लावला तेव्हा दम लागलेला नव्हता. बाजार ते घर, एकदाही न थांबता. मी वळलो, तिला सांगायला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. मागे, प्राध्यापकाच्या फाटकाशी, ती उभी होती. पिशवी खाली ठेवलेली. एक हात भिंतीला. जास्वंद पाहत होती.

मी परत गेलो. चालताना माझ्या लक्षात येत होतं, एकेक पाऊल टाकताना एकेक गोष्ट. खांबाला लावलेला हात. मुरमाच्या ढिगाजवळ माझ्या आधी बसलेली. ओट्यावर उकळणारा चहा. पाठीत, दोन खांद्याच्या मधात. तिच्याजवळ पोचलो तेव्हा मला दम लागला होता, आणि नस तर माझी उघडी होती.

"काय पाहून राहिली वं?"

"काई नाई. फुलं लई चांगले आले यंदा."

मी झाडाकडे पाहिलं. प्राध्यापकांनी ते आठवड्यापूर्वीच छाटलं होतं. नुसती बुडं उभी होती, पानसुद्धा नव्हतं.

मी ती पिशवी उचलली. जड होती. विचारलं, "पाठीत आवळते का?"

तिनं पिशवी परत घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाली, "थोडसंक."

"कवापासून?"

"तुमी थांबत होते तवा काई वाटत नवतं," ती म्हणाली.

तिला तिथेच प्राध्यापकाच्या ओट्यावर बसवलं आणि साळ्याला फोन लावला. म्हटलं, गाडी घेऊन ये, आत्ता. तो हादरला. "काहून भाऊजी, पुन्हा बंद पडली का नस?"

"माही नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातून फोन घेतला, एक हात पाठीवर ठेवून, आणि भावाला विचारलं, "जेवला का रे?"